घरोघरची वारी

आज एक साधा विषय सेवेला घेतो. आपल्या गावखेड्यात रोग्यांची, बाळंतिणींची आणि तान्ह्या लेकरांची काळजी वाहणारी जी माणसे आहेत, त्यांना आपण ओळखतो काय? आणि ओळखत असलो, तर त्यांचा मान कसा करतो? एवढाच आजचा विचार आहे.

येथे कोणी अशी शंका घेईल की, "बुवा, हा दवाखान्याचा विषय परमार्थाच्या पानावर कशाला? तुम्ही नामाचे माहात्म्य सांगावे, संतांची चरित्रे सांगावीत." शंका ठीक आहे. परंतु ज्याला ही शंका येते त्याने एकदा पंढरीच्या विटेकडे पाहावे. ती वीट तेथे कशी आली?

कथा तुम्हाआम्हा सर्वांना ठाऊक आहे. पुंडलिक आधी आईबापांना छळणारा होता. पुढे त्याला पश्चात्ताप झाला आणि तो त्यांच्या सेवेत असा रमला की त्याला दुसरे काही सुचेना. एके दिवशी तो थकल्या मायबापांचे पाय चुरीत बसला असता प्रत्यक्ष भगवंत दारी आले. आपण असतो तर काय केले असते? हातातले काम टाकून धावलो असतो. पुंडलिक उठला नाही. त्याने जवळची वीट मागे सरकवली आणि म्हटले, एवढे हातचे काम होईपर्यंत यावर उभे राहा. आणि देव रागावला नाही हो! तो उभा राहिला. कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभा राहिला. थकल्याभागल्यांची सेवा आधी आणि माझा मान मागाहून, हे देवाने स्वतः मान्य केले. आपण आषाढी-कार्तिकीला जे समचरण डोळे भरून पाहतो, ते एका शुश्रूषेची वाट पाहत उभे राहिलेले चरण आहेत.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. पुंडलिक देवाकडे गेला नाही. देव पुंडलिकाकडे आला. पुंडलिकाने आपल्या सेवेची दवंडी पिटली नव्हती. कोठे अर्ज केला नव्हता. सेवा कोठे चालली आहे हे देवाने ओळखले आणि तो आपल्या पायांनी त्या दारी गेला. म्हणजे गुणी माणसाला ओळखणे आणि ओळखून त्याच्या दारी जाणे, हे काम पहिल्याने देवाने केलेले आहे. मग त्याच्या भक्तांनी ते का करू नये?

आता वारी म्हणजे काय ते पाहू. वारीला तिथी ठरलेली असते. पाऊस असो, चिखल असो, घरी पेरणी खोळंबलेली असो, तिथी चुकवायची नाही. "सवड झाली तर येतो" असे म्हणणारा वारकरी नव्हे. नेम आणि चालणे या दोन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत तो वारकरी.

बाबांनो, तुमच्या गावात अशीच एक वारी चालू आहे. तुमच्या गावच्या आशाताईला विचारा. गावात बाळ जन्मले की तिच्या तिथी सुरू होतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळ घरीच जन्मले तर पहिल्या दिवसाची एक फेरी आणखी. त्या त्या दिवशी तिने त्या दारी जायचे. बाळाचे वजन करायचे, अंग गरम आहे की गार ते पाहायचे, श्वास नीट चालतो का, ओढून दूध पिते का, नाळ कोरडी आहे का, हे बघायचे. आईला ताप आहे का ते विचारायचे. अशी एका बाळाची सहा-सात वाऱ्यांची माळ. गावात एकाच वेळी चार बाळे असली म्हणजे चार माळा. हिला वारकरी म्हणू नये तर काय म्हणावे?

ही रीत आकाशातून पडलेली नाही. ती आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच अडाणी म्हटल्या गेलेल्या आयाबायांच्या हातून सिद्ध झाली आहे. ती कशी, ते थोडे विस्ताराने सांगतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी जामखेडला आले. जामखेड म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला दुष्काळी मुलूख. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन अधिक शिकलेले. मोठ्या शहरात बंगला बांधता आला असता. ते जामखेडला राहिले. त्या वेळी त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत जात. मनात आणा, हजार पाळणे हलतात आणि त्यातले पावणेदोनशे रिकामे होतात! डॉक्टरांनी आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यात ठेवून पाहिल्या; पण परक्या बाईचा गावाला आणि गावाचा तिला मेळ बसेना. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितले की तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. आल्या त्या बहुतेक निरक्षर. कोणी मजुरी करणारी, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी अशा जातीची की जिला गावच्या पाणवठ्यावर उभे करीत नसत. त्या बायांना डॉक्टरांनी आठवड्यामागून आठवडे जवळ बसवून शिकवले. अतिसार झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाईचा धोका कसा ओळखावा, सुईण म्हणून हात कसे स्वच्छ राखावेत, कुष्ठाचा डाग कसा पाहावा. त्या शिकल्या आणि परत आपल्या गावी जाऊन त्यांनी दुसऱ्यांना शिकवले. पुढल्या पंचवीस वर्षांत त्या भागातले बालमृत्यू पाव हिश्श्याच्याही खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु ज्यांनी उन्हातान्हात पाळणे राखले त्या बाया आपापल्या गावच्या चुलीपाशीच राहिल्या.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. जंगलातला मुलूख, वाटेत नद्या, दवाखाना दूर. तान्हे बाळ आजारी पडले तर दवाखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत संपून जाई. डॉक्टरांनी विचार केला की बाळ दवाखान्यात पोहोचत नसेल तर दवाखाना बाळाच्या घरी पोहोचला पाहिजे. एकोणचाळीस गावांतल्या थोडेफार शिकलेल्या बायांना त्यांनी तयार केले. त्यांना नाव दिले आरोग्यदूत. या आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन बाळ तोलले, उबदार गुंडाळले, श्वास अडलेल्या बाळाला श्वास दिला, जंतूंचा दोष झालेल्या बाळाला औषध दिले. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ ने कमी झाले. १९९९ साली ही गोष्ट जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि मोठमोठे पंडित चकित झाले. पुढे २०११ साली भारत सरकारने हीच घरोघर जाण्याची रीत साऱ्या देशातल्या आशाताईंसाठी लागू केली. आज तुमच्या दारी तिसऱ्या दिवशी येणारी बाई त्या गडचिरोलीच्या वाटेने चालत आलेली आहे.

असो. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सेवा करणारा खरा कोण आणि दुकान मांडून बसलेला कोण, हे साध्याभोळ्या माणसाने ओळखायचे कसे? आपल्याकडे साधूची लक्षणे सांगण्याची पद्धत आहे. तद्वत् या सेवकांचीही चार लक्षणे सांगतो. ती मनात ठेवा.

पहिले लक्षण असे की तो रोगी असेल तेथे जातो आणि तेथे टिकतो. मेळघाटात धारणी तालुक्यात बैरागड म्हणून गाव आहे. डॉ. रवींद्र कोल्हे शिकून मोठे डॉक्टर झाले आणि १९८५ च्या सुमारास त्या गावी जाऊन बसले. गाडीरस्ता नव्हता, कोसच्या कोस पायी जावे लागे. पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुन्हा आल्यास एक रुपया, ही त्यांची फी. पुढे लग्न होऊन डॉ. स्मिताताई आल्या, त्याही तेथेच राहिल्या. २०१९ साली सरकारने दोघांना पद्मश्री दिली. एक दिवसाचे शिबिर घेऊन फोटो काढणारे पुष्कळ असतात आणि त्यांचेही काही पुण्य आहे. पण तीस-पस्तीस वर्षे एका गावात राहणे ही निराळी साधना आहे.

दुसरे लक्षण, तो गरिबाच्या दुःखाला क्षुल्लक समजत नाही. कोकणात विंचू चावून माणसे मरत. शेतकरी भाताच्या उडवीत हात घालतो, पोर सरपण उचलते, आणि लाल विंचू डंख करतो. शहरातल्या विद्वानांना हा विषय कधी मोठा वाटला नाही, कारण विंचू गादीवर झोपणाऱ्याला क्वचितच चावतो. जालना जिल्ह्यातून गरिबीत शिकून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी ते रात्र रात्र बसले. हृदय कसे थकते, फुप्फुसात पाणी कसे भरते, ते त्यांनी घटकेघटकेला टिपून ठेवले. रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे स्वस्त औषध या विषावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी अत्यवस्थ रोगी पुष्कळ दगावत. नंतर ते प्रमाण फार खाली आले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ज्याच्या दुःखाकडे कोणी पाहत नाही त्याच्याकडे पाहणे, हे संतांचेच लक्षण नव्हे काय? गोदावरीच्या तापल्या वाळूत होरपळणारे, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतले लेकरू नाथांनी कडेवर उचलून त्याच्या आईकडे पोहोचवले, ही कथा आपण कीर्तनात सांगतो. लोक आपल्याला काय म्हणतील याचा विचार नाथांनी केला नाही. त्यांना लेकराचे भाजणारे पाय दिसले.

तिसरे लक्षण, तो आपली विद्या मुठीत झाकून ठेवत नाही. आरोळ्यांनी मजूर बाईला शिकवले, बंगांनी गावच्या बाईला शिकवले. "हे डॉक्टरांचे काम, तुला काय कळते?" असे ते म्हणाले नाहीत. आपल्या संतांनी संस्कृतातले ज्ञान मराठीत आणून दाराशी ठेवले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

चौथे लक्षण थोडे कडू आहे. तो तुम्हाला खरे सांगतो, मग तुम्हाला ते आवडो वा न आवडो. आपल्याला सवय लागली आहे की सुई टोचली, सलाईनची बाटली टांगली, म्हणजे उपचार झाला. जो म्हणतो, "बाबा, याला सुईची गरज नाही, पाणी पाज आणि विश्रांती घे," त्याला आपण म्हणतो, "याला काही येत नाही." आणि जो उगीच बाटली लावून पाचशे रुपये घेतो त्याला म्हणतो, "हात चांगला आहे." दोष केवळ डॉक्टरचा नाही, सज्जनहो. खऱ्याला ओळखणे आपण सोडले आहे.

आता दुसरी शंका येते. कोणी म्हणेल, "आशाताईला सरकार पैसे देते. पैसे घेऊन केलेल्या कामाची सेवा कसली?" याचे उत्तर आधी व्यवहाराचे देतो, मग परमार्थाचे.

व्यवहार असा की आशा ही पगारी नोकर नाही. २००५ साली ही योजना सुरू झाली तेव्हापासून तिचे नाव स्वयंसेविका आहे. अमुक काम केले की अमुक मोबदला, अशी तिची मोजणी, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. आठवण करून देतो. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या. आपण घरात बसून डोळ्यांतून पाणी काढले. करोनाच्या भीतीने माणूस माणसाच्या सावलीला उभा राहत नव्हता. त्या वेळी तुमच्या दारी कोण येत होते? कोणाला ताप, कोणाला खोकला, मुंबई-पुण्याहून कोण आले, हे विचारीत वही घेऊन ऊनपावसात कोण फिरत होते? तीच. कोठे तिला दार लावून घेतले, कोठे तिच्याशी भांडण काढले, आणि घरी गेल्यावर तिच्या घरचे म्हणाले, "तू रोग घेऊन येशील." आपली वारी थांबली, तिची थांबली नाही. आणि याच बायांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी महाराष्ट्रात संप करावा लागला. पुढल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा जिनिव्हात मोठा सन्मान केला. सातासमुद्रापलीकडच्यांना त्या दिसल्या. आपल्या आळीतल्यांना दिसल्या काय?

परमार्थाचे उत्तर असे. मृदंग वाजवणाऱ्याला आपण बिदागी देतो, म्हणून त्याचे भजन खोटे ठरत नाही. मलाही कीर्तनाचे मानधन मिळते. मी ते घेतो. पोट सर्वांना आहे. मोबदला हातावर पडतो तो कामाचा. पण रात्री दोन वाजता दार वाजले असता पदर खोचून निघण्याची जी वृत्ती आहे, तिचे मोल कोणी देऊ शकत नाही.

तिसरी शंका लोक उघड बोलत नाहीत, पण मनात असते. "ती कोणत्या जातीची? डॉक्टर कोणत्या धर्माचे?" आरोळे पतिपत्नी ख्रिस्ती होते. त्यांनी ज्यांचे पाळणे राखले त्यात कितीतरी माळकऱ्यांची घरे असतील. रिंगणात धावणाऱ्या अश्वाच्या टापाखालची माती कपाळी लावताना आपण जात विचारत नाही. दिंडीत एकमेकांच्या पाया पडताना विचारत नाही. मग लेकराला हात लावणाऱ्या बाईची का विचारावी? जो विचारतो त्याने माळ घातली, पण वारी केली नाही, असे मी स्पष्ट म्हणतो.

इतके बोललो, आता माझे स्वतःचे सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्यावाचून हे निरूपण खोटे होईल.

काही वर्षांमागची गोष्ट. माझ्या पुतण्याची बायको बाळंत झाली. मुलगा झाला, पण वजनाने कमी. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणले. त्याच संध्याकाळी आशाताई आली. वयाने माझ्या मुलीएवढी. तिने बाळ तोलले आणि आमच्या वहिनींना सांगितले, "काकू, याला इतक्यात आंघोळ घालू नका. अंग पुसून घ्या. टोपरे, मोजे घाला, आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घ्या. वजन वाढले म्हणजे मग न्हाऊ घाला." वहिनी म्हणाल्या, "आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत? पाच वाढवली." मी ओसरीवर पोथी घेऊन बसलो होतो. सगळे कानांवर आले. बाई बरोबर बोलते आहे हे मला कळत होते. मी एक शब्द बोललो नाही. बायकांच्या बोलण्यात आपण कशाला पडा, असे मनाशी म्हटले आणि पान उलटले.

दुसऱ्या दिवसापासून बाळाला रोज तेल लावून, दोन तांब्ये पाणी घालून आंघोळ सुरू झाली. पावसाळ्याचे दिवस, न्हाणी उघडी. सातव्या दिवशी ती पुन्हा आली. आली ती थेट बाळाच्या पायांना हात लावून बघू लागली. तिचा चेहरा उतरला. मला बाहेर येऊन म्हणाली, "बुवा, पाय गार पडलेत. दूध ओढत नाही. गाडी बोलवते." तिने स्वतः बाळ आईच्या उराशी बांधले, वरून घोंगडी घातली, फोन करून १०८ ची गाडी बोलावली, आणि आपले घर तसेच टाकून त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. त्या रात्री मी पोथी उघडली, पण एक ओळ वाचता आली नाही. अकरा दिवसांनी बाळ हाती आले. आज तो पोर शाळेत जातो आणि माझ्या टाळांची जोडी पळवतो. पांडुरंगाची कृपा. पण त्या दिवशी पांडुरंग कोणाच्या हातांनी आमच्या घरी आला होता, ते मी जाणतो.

एवढे झाल्यावर मी काय केले? ऐका. पुढे दोन महिन्यांनी गावात हरिनाम सप्ताह झाला. काल्याच्या दिवशी सत्कार करायचे होते. यादी माझ्याच हाताची. मंडप देणाऱ्याला नारळ-शाल, कर्णा देणाऱ्याला नारळ-शाल, एका पाहुण्या पुढाऱ्याला फेटा. नारळ माझ्या हातांनी दिले गेले. ती बाई कोठे होती? मंडपाबाहेर लिंबाखाली टेबल मांडून बसली होती. सात दिवस भजनकऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना जुलाबाच्या पुड्या, डोकेदुखीच्या गोळ्या देत होती. काल्याचा प्रसाद तिला कोणी नेऊन दिला, की दिलाच नाही, हेही मला सांगता येत नाही. रात्री निजलो तेव्हा ते लिंबाचे झाड डोळ्यांपुढे आले. ज्याच्या दारी जाऊन उभे राहायचे त्याला आपण झाडाखाली बसवले, आणि आपण विटेवर चढलो, असे मला झाले.

सकाळी उठून शाल आणि नारळ घेऊन मी तिच्या घरी गेलो. म्हटले, "ताई, चूक झाली. हे घे." तिने बसायला घोंगडी टाकली, चहा केला. नारळ घेतला, देवापुढे ठेवला. शाल मात्र माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "बुवा, शाल नको. मी सांगते ते म्हाताऱ्या बायका ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. वरच्या आळीत एक बाळ झालंय, अगदी तुमच्या बाळासारखं. परवा माझ्याबरोबर चला. एक शब्द बोला. बास, तोच माझा सत्कार."

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे मी लोकांना सांगत आलो, आणि त्या दिवशी मला सांगणारे कोणी भेटले. मी गेलो. त्या घरच्या आजीबाईंना म्हटले, "मावशी, ही पोर म्हणते तसे करा. मी ऐकले नाही, आमचे लेकरू मरता मरता वाचले." माझी फजिती मी माझ्या तोंडाने सांगितली. आजीबाईंनी हातातले तेलाचे वाटगे खाली ठेवले. त्या बाळाला दवाखाना पाहावा लागला नाही.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की मान करणे म्हणजे आधी ऐकणे. जिचा शब्द आपण पाळत नाही तिच्या खांद्यावर शाल टाकणे म्हणजे माउलींच्या पालखीवर फुले टाकून परत घरी जाणे. फुले चांगली आहेत, पण वारी चालण्यात आहे.

मोठ्या पुरस्कारांविषयी माझे वाईट मत नाही. ते द्यावेत. बावस्करांना, कोल्ह्यांना, बंगांना पद्मश्री मिळाली, हे उत्तम झाले. त्याने दहा तरुण डॉक्टरांच्या मनात खेड्याकडे वळण्याची इच्छा उपजेल. परंतु दिल्लीची पद्मश्री दहा लाख घरांत पोहोचत नाही. तेथे पोहोचणारा मान गावानेच द्यावा लागतो, आणि गावात तो देण्याचा अधिकार आपल्या फडांना, दिंड्यांना, सप्ताह मंडळांना आहे. गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत. मग कीर्तनाला उभे राहत. लोकांचे आरोग्य हा कीर्तनाचाच भाग आहे, हे त्यांनी बोलण्याआधी करून दाखवले.

म्हणून या वर्षी प्रत्येक मंडळाने चार गोष्टी कराव्यात, अशी हात जोडून विनंती आहे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, काल्यापर्यंत वाट न पाहता, गावच्या आशाताईला, नर्सबाईंना आणि कोणी जुनी सुईण असेल तर तिला वीणेजवळ बसवून गावापुढे त्यांचे नाव घ्यावे. सत्काराची वस्तू त्यांना विचारून द्यावी. शाली त्यांच्याकडे असतील. रात्रीच्या वाटेला चांगली विजेरी, पावसाला छत्री, पायांना टिकाऊ चप्पल, ही वस्तू अंगी लागते. रात्री-अपरात्री तिला निघावे लागले तर कोणाची गाडी, कोणते दोन माणूस बरोबर जातील, हे गावाने आधी ठरवून ठेवावे. आणि ग्रामसभेत उठून विचारावे की आमच्या ताईचा मोबदला कितव्या महिन्यापर्यंत मिळाला? गावाच्या आरोग्याची समिती कागदावर असते. ती कधी बसली? हे विचारायला विद्वत्ता लागत नाही. दहा माळकरी एकदम उभे राहिले तर उत्तर मिळते.

आणि पाचवी गोष्ट मंडळाची नव्हे, घरची आहे. ती दारी आली म्हणजे उठून या म्हणा. पाणी द्या. ती सांगेल ते घरच्या वडीलधाऱ्यांनी आधी ऐकावे, म्हणजे सुना-लेकी आपोआप ऐकतील. म्हाताऱ्या वारकऱ्यांना आठवत असेल, पूर्वी पंढरीच्या यात्रेत पटकी येई आणि वाळवंटात माणसे पडत. मग टोचणी सुरू झाली. तेव्हाही आपल्यातले काही जण टोचणीवाल्याला चुकवून आडवाटेने जात. ज्यांनी दंड पुढे केला ते घरी परतले. आपण इथे बसलो आहोत ते कोणाच्या तरी ऐकण्यामुळे.

पांडुरंग आजही उभा आहे. तो कशासाठी उभा आहे हे विसरू नका. या वर्षी पंढरीस जाल तेव्हा विटेवरचे पाय पाहताना तुमच्या गावच्या त्या बाईचे भेगाळलेले पाय आठवा. आणि परत आलात म्हणजे, बुक्का-प्रसादाची पहिली पुडी देवघरात ठेवण्याआधी, तिच्या दारी नेऊन द्या. देव आधी दारी गेला होता, तसे आपणही जाऊ.

रामकृष्णहरि.